जुन्या गाडीचे काटे बिघडले: दुरुस्ती, भंगारातलं मीटर की वेगळे गेज?

"मीटर गेलं न भाऊ, अख्खं बदलून टाका," हा सल्ला तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात पाच मिनिटांत मिळतो. गाडी पंधरा-वीस वर्षांची बोलेरो नाही तर सुमो, डिझेलचा काटा खाली पडलेला आणि टेम्प्रेचरचा मनाला येईल तसा हलणारा, त्यामुळे सल्ला पटतोही. पण पुष्कळदा मीटर शाबूत असतं. बिघाड वायरीत, अर्थिंगमध्ये (करंट गाडीच्या पत्र्यातून परत जाण्याच्या जोडणीत) नाही तर सेन्सरमध्ये असतो, आणि नवं मीटर लावूनही काटा हलत नाही.

म्हणून आधी बिघाड शोधा, मग खिशात हात घाला. दोन-तीन काटे एकदमच वेडे झाले असतील, तर सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. फ्यूज किंवा मीटरमागचं अर्थिंग पाहा. हेडलाइट लावल्याबरोबर काटे जागचे हलले, तर संशय अर्थिंगवरच घ्यायचा. गाडी गोठ्याजवळ उभी राहत असेल तर उंदरांनी वायर कुरतडली का तेही बघा. कापसाचा हंगाम आटोपला की बॉनेटखाली त्यांचा संसार असतो.

एकच काटा बंद असेल तर चाचणी सोपी आहे. चावी ऑन ठेवून टेम्प्रेचर सेन्सरची वायर काढा आणि क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवा. जुन्या साध्या गेजमध्ये, म्हणजे काट्याच्या यंत्रात, काटा थेट गरमकडे धावतो. धावला तर गेज आणि वायर दोन्ही चांगले, सेन्सर बदला. न धावला तर वायर किंवा गेज. डिझेलच्या काट्याला हीच युक्ती चालते. तो मॉडेलप्रमाणे फुलकडे जाईल किंवा रिकाम्याकडे, हलला म्हणजे झालं. पेट्रोल गाडीत मात्र टाकीजवळ ठिणगी पाडू नका, वायर टाकीपासून लांबच्या जोडावर सोडवा.

इथे एक बारीक गोष्ट बरेच मिस्त्री विसरतात. एकाच वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांमधूनच मिळतो. गळती नको म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढ्यावर वेढे घातले की अर्थ तुटतो, आणि इंजिन तापलेलं असताना काटा थंड दाखवतो.

आता पर्याय. आहे तेच दुरुस्त करणं सगळ्यात स्वस्त. वायर, अर्थिंग किंवा टाकीतला फ्लोट (डिझेलवर तरंगून पातळी सांगणारा) एवढंच असेल तर दुसरा विचारच नको. अट एवढीच, की वायरिंगवाला टेस्ट लॅम्प (करंट येतो का ते दाखवणारा दिवा) घेऊन बसणारा हवा. अंदाजाने वायरी जोडणारा नको.

भंगारातलं मीटर नागपूर-अमरावतीकडे मिळून जातं, पण त्याच मॉडेलचं आणि त्याच काळातलं मिळालं तरच घ्या. कनेक्टर बदललेला असतो. सेन्सरचा रेझिस्टन्स जुळला नाही तर अर्धी टाकी पाऊण दिसते. शिवाय किलोमीटर दुसऱ्याच गाडीचे येतात; विकताना घेणाऱ्याला ते सांगावं लागेल, म्हणून मीटर बदललं त्या दिवशीचे दोन्ही आकडे लिहून ठेवा. कंपनीचं नवं मीटर घ्यायला माझी हरकत नाही, पण जुन्या गाडीच्या किमतीपुढे तो खर्च क्वचितच शोभतो.

माझं मत तिसऱ्या वाटेकडे झुकतं: डॅशबोर्डखाली वेगळे मेकॅनिकल गेज. ट्रॅक्टर पार्टच्या दुकानात टेम्प्रेचरचं आणि ऑइल प्रेशरचं असं दोन्ही मिळतं, आणि त्यांना करंट लागत नाही. चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या उन्हात भरलेली गाडी ओढताना टेम्प्रेचरचा काटा खोटं बोलला, तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं आणि सगळ्या मीटरांपेक्षा महाग पडतं.

तोटेही आहेत. टेम्प्रेचर गेजची बारीक नळी सीलबंद असते. दुमडली किंवा कापली तर दुरुस्ती नाही, गेजच फेकायचा. आटे आपल्या हेडला बसतात का, तेही घेतानाच ताडून पाहा. ऑइलच्या नळीतून गरम तेल केबिनमध्ये येतं, म्हणून प्लास्टिकऐवजी तांब्याची नळी घ्या, पत्र्यातून आणताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) लावा, आणि इंजिनाच्या हादऱ्यासाठी नळीला एक वेटोळं ठेवा. आणि रेडिएटरमधलं पाणीच संपलं तर सेन्सर हवेत राहतो, मग कुठलाही गेज काटा खालीच दाखवू शकतो. सकाळी झाकण उघडून पाणी बघणं त्यामुळे सुटत नाही, तेही इंजिन गार असतानाच.

डिझेलच्या काट्यासाठी एवढा जीव टाकू नका. टाकीचं तोंड सरळ असेल तर काडी घालून कळतं, नाही तर टाकी फुल करून किलोमीटर मोजा. अर्थात त्यासाठी किलोमीटरचा आकडा पळता हवा. जुन्या केबलवाल्या स्पीडोमीटरचा काटा थरथरत असेल तर बहुधा केबल कोरडी किंवा दुमडलेली असते. ग्रीस लावून पाहा, तुटली असेल तर नवी टाका. काळीपिवळी चालवत असाल तर हे काम सगळ्यात आधी उरका, कारण स्पीडोमीटर नियमानेच चालू हवा आणि पासिंगला तो पाहतात. शेतावरच्या गाडीला मात्र आधी टेम्प्रेचर, मग ऑइल. बाकीचं पुढच्या कापसाच्या पैशात बघता येईल.