सोसायटीच्या पूलला सोलर लावलं: हिवाळा-उन्हाळा काढल्यानंतर

पुण्यात पूल असलेल्या बहुतेक सोसायट्यांत दिवाळी झाली की पूल नुसता बघायचा. आमचाही तसाच होता. पूल १० बाय ५ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साठ हजार लिटर पाणी. एवढं पाणी एक अंशाने तापवायला साधारण ७० युनिट लागतात. वीज वापरून तापवायचं म्हटलं तर कॉमन मीटरचं बिल बघूनच सभासदांना घाम फुटला असता. हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या हीट पंपाला त्याच्या चौथा-पाचवा हिस्सा वीज लागते, पण रोजचं बिल कमिटीला नकोच होतं.

दोन विक्रेते बाथरूमच्या सोलरसारख्या काचेच्या नळ्या गळ्यात मारायला बघत होते. त्यांचं पाणी साठ अंशांच्या वर जातं; आपल्याला हवं सत्तावीस-अठ्ठावीस. तांब्याच्या पॅनेलमधून क्लोरीनचं पाणी थेट फिरवलं तर तांबं खराब होतं, ते वेगळंच. म्हणून काचेविना येणारी काळ्या प्लास्टिकची पॅनेल घेतली. त्यातलं पाणी हवेपेक्षा फारसं गरम होत नाही, त्यामुळे काच नसली तरी उष्णता फार वाया जात नाही, आणि किंमतही कमी. एकाने पंधरा चौरस मीटर पुरेल म्हणून सांगितलं, त्याला चहा पाजून वाटेला लावलं. पूलच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून कमी पॅनेल घेण्यात अर्थ नाही. क्लबहाऊसच्या बैठ्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून आम्ही ४० चौरस मीटर बसवली. सातव्या मजल्याच्या गच्चीवर नेली असती तर फिल्टरच्या पंपाने पाणी चढलंच नसतं. पंप पूर्वी रात्री चालायचा, आता ऊन असताना, सकाळी दहा ते दुपारी चार.

पहिल्या आठवड्यात तक्रार आली, “पाणी कोमटसुद्धा येत नाही!” पूलमध्ये परत येणाऱ्या पाण्यात हात धरला तर दोन-तीन अंशांचा फरक जेमतेम कळतो. पण ते दिवसभर फिरत राहतं, आणि ऊन चांगलं असेल तर अख्खा पूल अंशभर, कधी दीड अंश चढतो. सकाळी पंप सुरू झाला की पूलमध्ये भसाभसा बुडबुडे येतात. संध्याकाळी पॅनेल रिकामी होतात, त्यांत शिरलेली हवा ती. गळती नाही, घाबरू नका.

गळती नंतर खरंच झाली, एका जोडातल्या रबरातून. विक्रेता “उद्या येतो” म्हणत राहिला. शेवटी आमच्या प्लंबरने काम उरकलं.

खरं काम मात्र रात्री पूलवर पसरायचं कव्हर करतं. पूलची बहुतेक उष्णता बाष्पीभवनात जाते. डिसेंबरात कव्हर न घातलेल्या रात्री दिवसाची कमाई पहाटेपर्यंत साफ. कव्हर असलं की जानेवारीतही दुपारी पंचविशीच्या आसपास पाणी मिळालं आणि ज्येष्ठांची बॅच बंद पडली नाही. पण ते ओलं धूड ओढायला दोन माणसं लागतात. वॉचमन म्हणतो लाइफगार्डचं काम, लाइफगार्ड म्हणतो माझी ड्यूटी सातला संपते. कोटेशनमध्ये कव्हर गुंडाळायचा रोलर धरलाच नव्हता, विक्रेत्यानेही सुचवला नाही.

मे महिन्यात उलटा उद्योग: पंप रात्री चालवून त्याच पॅनेलमधून पाणी गार केलं. रोलरचा खर्च येत्या सर्वसाधारण सभेत मांडतोय. पार्किंगच्या विषयाआधी घ्या म्हणून सांगून ठेवलंय, नंतर कोणी थांबत नाही.