धुराड्यावरचा स्पार्क अरेस्टर : दोन उन्हाळ्यांचा अनुभव

रुळालगतच्या वाळल्या गवताला आग लागली की संशय प्रथम सिगारेटच्या थोटकावर जातो. आमच्या सायडिंगवर (मुख्य रेल्वेमार्गापासून फुटलेल्या बाजूच्या रुळांवर) वॅगन ओढणाऱ्या जुन्या, टर्बोचार्जर (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारे चक्र) नसलेल्या डिझेल इंजिनामागे मात्र आगी नेमक्या चढावरच लागत असल्यामुळे आम्ही दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याच्या धुराड्यावर स्पार्क अरेस्टर, म्हणजे धुराबरोबर उडणाऱ्या ठिणग्या अडवणारे उपकरण, बसवून घेतला. आगी चढावरच का लागतात, याचे उत्तर काजळीत आहे. इंजिन बराच वेळ रिकामे चालू ठेवले की इंधन नीट जळत नाही आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या आत कार्बनचा थर साचतो. पुढे चढावर इंजिनाने जोर धरला की त्या थराच्या खपल्या सुटून धगधगत्या अवस्थेत बाहेर उडतात.

आम्ही निवडलेल्या प्रकारात जाळी नाही. आतली तिरपी पाती धुराला गरगर फिरवतात, जड कण कडेला फेकले जातात आणि बाजूच्या पेटीत साठतात. जाळीचा प्रकार स्वस्त असला तरी तो काजळीने चोंदतो आणि मग धुराला वाट मिळत नाही, म्हणून तो आम्ही टाळला. पात्यांमुळेही धुराला थोडा अडथळा होतोच, पण आमच्या हलक्या कामात इंजिनाची ओढ कमी झाल्याचे चालकांना जाणवले नाही.

उपकरण काम करते याचा माझ्यासाठी सर्वांत बोलका पुरावा म्हणजे पेटी उघडल्यावर हाती येणारी काळी, खरखरीत रेव. ती एरवी गवतात पडली असती. तक्रार आहे ती याच पेटीबद्दल. तिचे झाकण बनवणाऱ्याने अशा अडचणीच्या जागी ठेवले आहे की इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आडवे होऊन हात घालावा लागतो, आणि कंटाळवाणे काम पुढे ढकलले जातेच. पहिल्या उन्हाळ्यात ती एकदा काठोकाठ भरलेली सापडली. भरलेल्या पेटीचा अरेस्टर म्हणजे नुसती जाड नळी.

त्याच्या मर्यादाही खरेदीपूर्वी समजून घ्याव्यात. अमेरिकेच्या वनसेवेचे यासंबंधीचे मानक सुमारे ०.५८ मिलिमीटर व त्याहून मोठ्या कणांपैकी किमान ८० टक्के कण अडवण्याची अपेक्षा धरते, म्हणजे मानकात बसणाऱ्या उपकरणातूनही काही कण निसटणार. एका कणानेही पुरे होते, हे त्याच देशातील कोलोरॅडो राज्यात दिसले: जून २०१८ मध्ये तेथे सुमारे ५४,००० एकर क्षेत्र जळाले, आगीचे मूळ कोळशावर चालणाऱ्या पर्यटक गाडीच्या धुराड्यातील निखाऱ्यात असल्याचा ठपका सरकारने ठेवला आणि २०२२ मध्ये त्या रेल्वेने २ कोटी डॉलर भरून तडजोड केली.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे, कारण धुराडे हा ठिणगीचा एकच उगम आहे. चाकावर घासणाऱ्या ब्रेक ब्लॉकमधून, विशेषतः बिडाच्या, तप्त धातूचे कण उडतात, आणि ते हवेत स्वतःच जळत असल्याने लगेच थंडही होत नाहीत. दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्याकडे लागलेली एकमेव आग उतारावर होती. एका वॅगनचा ब्रेक सुटलाच नव्हता. त्याबद्दल अरेस्टरला दोष देणे अन्यायाचे ठरेल. बेअरिंग तापणे, रूळ घासून गुळगुळीत करणारे यंत्र, विजेच्या तारांवरील ठिणगी या गोष्टीही त्याच्या कक्षेबाहेरच्या आहेत.

तुमच्या इंजिनाला टर्बोचार्जर असेल आणि सगळा धूर त्यातूनच जात असेल, तर त्याचे चक्र कणांचा चुरा करते. अशा वेळी स्वतंत्र अरेस्टरची सहसा गरज नसते आणि तो पैसा ब्रेकची तपासणी व गवत काढण्यावर लावलेला बरा. जुन्या इंजिनासाठी मात्र मी हे उपकरण पुन्हा घेईन, फक्त या वेळी पेटीचे झाकण उभ्या माणसाच्या हाताला येते का, हे आधी स्वतः पाहून.