हर्नियासाठी गंगापूर रोडचं हॉस्पिटल: इंजेक्शन एक, घरी अँटिबायोटिक नाही

नाशिकला पंचवटीत माझं मेडिकल आहे. हर्निया करून आलेला पेशंट म्हणजे पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी, हे आम्ही काउंटरवाले धरूनच चालतो. सेफिक्झीम नाहीतर अमॉक्सिक्लॅव्ह, सोबत ॲसिडिटीची कॅप्सूल. म्हणून गंगापूर रोडच्या या हॉस्पिटलात हर्निया करून घेतलेल्या आमच्या अण्णांच्या डिस्चार्जच्या कागदावर नुसतं पॅरासिटामॉल आणि पोट साफ व्हायचं औषध दिसलं, तेव्हा मी कागद उलटून मागची बाजूही बघितली.

निफाडहून आलेले मामा तर तापलेच. "एवढं बिल घेतलं आणि अँटिबायोटिक नाही? उद्या पू धरला म्हणजे?"

सर्जनना विचारलं, तर त्यांनी पॅसेजमध्येच उभं राहून नीट सांगितलं. हर्नियाच्या जागी आधाराला जाळी बसवायची होती म्हणून सेफाझोलिन या अँटिबायोटिकचं 2 ग्रॅमचं एकच इंजेक्शन शिरेतून दिलं, तेही चीर द्यायच्या आधीच्या तासाभरात. चीर पडते तेव्हा कातडीवरचे जंतू आत जायला बघतात, त्या वेळी औषध तिथे पोचलेलं हवं. ऑपरेशन चार तासांच्या वर लांबलं किंवा रक्त फार गेलं, तर दुसरा डोस. अण्णांचं दीड तासाच्या आत आटोपलं. टाके पडल्यावर गोळ्या चालू ठेवून जखम पिकायची टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 मध्येच तसं सांगून ठेवलंय. वर जुलाब लागतात आणि जंतू औषधाला सरावतात ते वेगळंच. मामांचं समाधान झालं नाही, पण आवाज खाली आला.

मला आवडलं ते फाइलमधलं चेकलिस्टचं पान. इंजेक्शन 9.10, चीर 9.35, खाली सही. असा छापील कागद पुष्कळ ठिकाणी असतो, पण त्यावर मागाहून एका दमात मारलेल्या टिका असतात. इथे वेळ लिहिलेली होती. आदल्या दिवशी सिस्टरनी फोनवर बजावलं होतं, "घरून ब्लेडनं केस काढून आणू नका." ब्लेडनं बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू बसतात, त्यांनी लागतील तेवढेच केस क्लिपरनं काढले.

आता तक्रारी. पार्किंग नावालाच. डिस्चार्ज सकाळी सांगतात आणि इन्शुरन्सवाल्यांचा होकार येईपर्यंत दुपार होते, तोवर पेशंट कपडे बदलून पलंगावर बसलेला. कॅन्टीनच्या चहाबद्दल न बोललेलं बरं. आणि हे अँटिबायोटिकचं मी विचारलं म्हणून कळलं. न विचारणारा माणूस घरी जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतःच पट्टी घेणार, आणि आमच्यातला कुणीतरी ती देणारही. मराठीत एक पानाची चिठ्ठी दिली तर काय बिघडतं? ताप, लाली, पू दिसला तर लगेच या, एवढं मात्र डिस्चार्जच्या कागदावर आहे. महिन्याभरानं जखमेची चौकशी करायला फोनही आला.

ठरवून करायच्या ऑपरेशनसाठी बेलाशक जा. चेकलिस्टच्या पानाची झेरॉक्स मागितली तर देतात, आपणहून देत नाहीत.