टिनाचं छप्पर, पळती लाइन आणि कॉम्प्युटरचे स्पीकर

तालुक्याच्या दुकानात स्पीकर वाजवून दाखवतात ती खोली स्लॅबची असते, लाइन स्टॅबिलायझरवरची असते आणि गाणंही मुद्दाम ढमढम करणारं लावलेलं असतं. घरी मात्र वर टिन, खिडकीत कूलर, आणि वावरातले मोटारपंप सुरू झाले की 230 व्होल्टची लाइन 170-180 वर. म्हणून खोक्यावरचे वॅट वाचण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: स्पीकरला वीज कुठून मिळणार आणि खोलीवर छप्पर कशाचं आहे. निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

वॅटचा हिशेब स्वतःच करावा. यूएसबी 2.0 चं पोर्ट 5 व्होल्टवर 500 मिलीअँपिअर देतं, म्हणजे अडीच वॅट. त्यावर चालणाऱ्या जोडीच्या खोक्यावर 10 वॅट छापलेले असतील तर उरलेले साडेसात येणार कुठून? 12 व्होल्ट 2 अँपिअरच्या अडॅप्टरवरचा संच सलग 24 वॅटच्या पुढे जाऊच शकत नाही. पीएमपीओचा (क्षणभराच्या कमाल ताकदीचा) आकडा सोडूनच द्या, तो मोजायचं ठरलेलं मापच नाही. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे वॅट, लिहिलं असेल तेवढंच धरा.

खरी ओढाताण असते ती यूएसबीची छोटी जोडी आणि सब-वूफरवाला 2.1 संच (बाजूचे दोन स्पीकर आणि जाड सुरांचा एक वेगळा डबा) यांच्यात. जोडी साधारण चारशे ते नऊशे रुपयांत येते, 2.1 दोन ते साडेचार हजारांत. ऑनलाइन क्लास, भरतीच्या परीक्षेची व्याख्यानं, बातम्या एवढंच ऐकायचं असेल तर छोटी जोडी पुरते. लाइन गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर ती वाजत राहते, हा गावात मोठाच फायदा. पण एप्रिल-मेमध्ये कूलर पूर्ण वेगात सुरू झाला की तिचं बळ संपतं. मग आवाज शेवटपर्यंत वाढवतात, तो चिरकतो आणि दोष मात्र व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगला लागतो. दुसरी खोड अशी, की पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालताना त्याच 5 व्होल्टमधून बारीक किरकिर आत येते. तिची यूएसबी पिन कॉम्प्युटरऐवजी मोबाइलच्या बऱ्या चार्जरला लावून पाहा, बहुतेक वेळा किरकिर कमी होते. आवाजाची 3.5 मिलिमीटरची पिन तेवढी कॉम्प्युटरलाच राहू द्यायची.

2.1 मध्ये सिनेमा भरून येतो, यात वाद नाही. पण स्वस्त संचांत दोन-अडीच इंची बाजूचे स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खाली दमतात, म्हणून कंपन्या सब-वूफरलाच तिथपर्यंत खेचतात. परिणाम असा की पुरुषाचा आवाज निम्मा टेबलावरून आणि निम्मा टेबलाखालून येतो. शिकवणारे सर माठात तोंड घालून बोलल्यासारखे वाटतात. त्यात टिन! जाड सूर लागला की पत्र्याचे सैल हूक-बोल्ट झणझणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की स्पीकर फाटला. सब-वूफर कोपऱ्यात ढकलू नका, तिथे दोन भिंती आणि जमीन मिळून धमक आणखी वाढवतात. टेबलाखाली, मॉनिटरच्या साधारण मधोमध, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. पायाखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे घाला आणि बासचं बटण पाव भागाच्या पुढे नेऊ नका. मागच्या भोकाला बारीक लोखंडी जाळी लावली नाही तर पावसाळ्यात आत झुरळं राहायला येतात, कधी उंदराचं पिल्लूसुद्धा.

सहा हजारांच्या पुढे जायची तयारी असेल तर 2.1 सोडा. आतच अँप्लिफायर असलेली, चार इंची वूफर आणि बारीक सुरांसाठी वेगळा ट्विटर असलेली 2.0 ची, म्हणजे सब-वूफर नसलेली जोडी घ्या. बोलणं स्वच्छ, तबला-पेटी जिथल्या तिथे, आणि टिन जागं होईल एवढी धमक ती काढतच नाही. तिला जागा मात्र नीट द्यावी लागते: दोघांत हातभर अंतर, ट्विटर कानाच्या उंचीला, तोंड किंचित आत. प्लास्टर आणि टाइल्सच्या खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा.

कोणताही संच घेताना मागचं लेबल वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. "100-240 व्होल्ट" लिहिलं असेल तर आत एसएमपीएस, म्हणजे कमी-जास्त व्होल्टेज सांभाळून घेणारा इलेक्ट्रॉनिक पुरवठा आहे, लाइन 170 वर आली तरी त्याला फरक पडत नाही. नुसतं "220-240" असेल आणि खोकं जड लागत असेल तर आत बहुधा लोखंडी ट्रान्सफॉर्मर. तो कमी व्होल्टेजवर मरत नाही, पण मोठ्या आवाजात लवकर फाटतो. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर तो गुणगुणतो आणि तापतो, साइन वेव्हवर तक्रार नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला तर मात्र घरात 400 व्होल्टच्या जवळपासही येऊ शकतात, तिथे दोन्ही जळतील. विजा कडाडू लागल्या की प्लग ओढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ब्लूटूथ स्पीकर मोबाइलसाठी ठीक, कॉम्प्युटरसाठी दुय्यम. डेस्कटॉपला बहुतेकदा वेगळा डाँगल लागतो, आवाज थोडा मागे पडतो आणि एका डब्यातून डावं-उजवं काही कळत नाही. क्लासच्या वेळी कॉम्प्युटरने ब्लूटूथ स्पीकरचाच माइक पकडला तर सगळं टेलिफोनसारखं ऐकू येतं. सेटिंगमध्ये माइक दुसरा निवडा. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात टिनाखाली दुपारी त्याहून जास्त असतं. चार्जिंग सकाळी उरका. साउंडबार टीव्हीखाली शोभतो, टेबलावर तो कीबोर्डची जागा खातो.

आता घूं, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारा गुणगुणाट. निम्म्या तक्रारी याच असतात आणि स्पीकर विनाकारण परत जातात. तीन पिनांच्या प्लगला अर्थिंगच नसेल तर डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर गळतीचं व्होल्टेज चढतं. हात लावला की झिणझिण्या येतात आणि तीच गळती आवाजाच्या वायरमधून स्पीकरमध्ये 50 हर्ट्झची घूं होऊन निघते. ओळखायचं कसं? आवाजाची पिन कॉम्प्युटरमधून काढून चार्जरला न लावलेल्या मोबाइलला जोडा. घूं गेली तर स्पीकर निर्दोष. मग कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, कूलर वेगळ्यावर, आणि पिन समोरच्या जॅकऐवजी मागच्या हिरव्या जॅकला. अर्थिंग असूनही घूं येत असेल तर अर्थिंगचा खड्डा पाहा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतत राहा. अर्थिंगची पिन मोडून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात शॉक बसायची सोय होते.

घरात जुन्या डेकचे 8 ओहमचे स्पीकर पडून असतील तर मात्र नवं काहीच घेऊ नका. 12 व्होल्टवर चालणारा क्लास-डी (कमी वीज खाणारा) अँप्लिफायर बोर्ड आणि एका टोकाला 3.5 मिलिमीटरची, दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना असलेली वायर आणा. 8 ओहमच्या प्रत्येक स्पीकरला जास्तीत जास्त नऊ वॅट मिळतात, पण जुने मोठे कोन तेवढ्यातही खोली भरतात. त्याला फवारणी पंपाची 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवरची बॅटरीही चालते. मध्यम आवाजात अर्धा अँपिअर ओढला जातो, म्हणजे अर्धी बॅटरी राखूनही आठ तास. लाल-काळी वायर उलटी लागली तर बोर्ड क्षणात जातो, म्हणून जोडण्याआधी मीटर लावून पाहा आणि लाल वायरीत 3 अँपिअरचा फ्यूज टाका. आणि ती बॅटरी घरात आणण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, फवारणीचं औषध तिच्यावर उडालेलं असतं.