उपहार की उपाहार? जळगावातील एका भोजनालयाविषयी

जळगावातील एका भोजनालयात आम्ही सहकुटुंब जेवलो. तुराट्यांवर भाजून बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेले तेथील भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसोबत इतके रुचकर लागले की, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन सर्वस्वी सार्थ वाटले. शेवभाजी मात्र थोडी तेलकट होती.

मला अधिक लिहायचे आहे ते पाट्यांविषयी. दारावर 'उपहारगृह' असे लिहिले आहे, उप आणि आहार यांचा संधी 'उपाहार' असा होतो, तर 'उपहार' म्हणजे भेटवस्तू, त्यामुळे आत शिरताच माझ्या मुलीने "आपल्याला काय भेट मिळणार?" असे विचारले आणि आम्ही मनापासून हसलो. मागील बाजूस 'स्वच्छताग्रह' अशी पाटी आहे. गृहाचा ग्रह झाला म्हणून तो सूर्याभोवती फिरतो का, असा तिचा पुढचा प्रश्न होता. परंतु स्वच्छता आणि आग्रह यांचा संधीही नेमका हाच होतो, आणि तो आग्रह येथे खरोखर पाळलेला दिसला.

निघताना मी गल्ल्यावर दोन्ही शब्द समजावून सांगितले. मालकांनी ते आस्थेने वहीत उतरवून घेतले आणि रंगाऱ्याला बोलावण्याचे कबूल केले.