दारात कोणती वेल लावावी? जाई-जुई, मधुमालती, माधवी आणि कृष्णकमळ

नर्सरीत गेल्यावर आपण फूल बघून वेल निवडतो. वास आवडला, रंग भरला की रोप रिक्षात. झुडपाच्या बाबतीत हे चालून जातं, कारण नाही पटलं तर ते उपटून दुसरीकडे लावता येतं. वेल मात्र तोवर ग्रिलमध्ये गुंतलेली असते, पत्र्याखाली शिरलेली असते, वरच्या मजल्याच्या गॅलरीत डोकावत असते. म्हणून वेल निवडताना आधी जागा बघावी, मग आधार, मग दर वर्षी आपल्याच्याने किती छाटणी होईल ते, आणि फूल सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं की निम्म्या वेली आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

आधाराचं आधी, कारण तिथेच जास्त चुका होतात. सगळ्या वेली सारख्या चढत नाहीत. चार्ल्स डार्विनने 1865 मध्ये यावर मोठा निबंध लिहिला आणि वेलींची विभागणी त्या आधार कसा धरतात यावरून केली. काही वेली खोडानेच आधाराला वेढे घालतात, काही ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे बारीक दोरे, काढतात, काही काट्यांनी अडकून वर सरकतात, काही मुळं फोडून भिंतीला किंवा खोडाला चिकटतात. आपल्या रोजच्या वेली या चौकटीत नीट बसतात. गोकर्ण वेढे घालते. कृष्णकमळ, कारलं, दुधी ताणे काढतात. बोगनवेल काट्यांवर रेलून वाढते. मनीप्लांट आणि मिरीची वेल मुळांनी धरते. आता ताण्याला बोटभर जाडीचा बांबू देऊन उपयोग नाही, त्याला धरायला बारीक तार, सुतळी किंवा जाळी लागते. बोगनवेलीला नुसती जाळी दिली तर ती आपणहून चढणार नाही, तिला बांधत न्यावं लागतं. आणि मनीप्लांट रंगवलेल्या भिंतीवर सोडला तर काढताना रंगाचे पोपडे सोबत येतात.

आता दारात लावण्याजोग्या चार वेलींकडे वळू.

जाई आणि जुई मी एकत्र धरते, कारण दोन्ही एकाच कुळातल्या आहेत आणि निवडणाऱ्याची गरजही बहुधा एकच असते: घरची फुलं, देवाला आणि केसांत. रोप घेताना पान बघा. जाईचं पान संयुक्त असतं, एका देठावर पाच-सात-नऊ छोट्या पर्णिका. जुईच्या पानाला मधली एक मोठी पर्णिका आणि बुडाशी कानासारख्या दोन इवल्या पर्णिका. जाईची कळी बाहेरून गुलाबी झाक असलेली, जुईची पांढरी आणि लहान. दोन्हींना पावसाळ्यात भर येतो. जाई रात्री उमलते म्हणून ती पहाटे, ऊन चढायच्या आत खुडायची. जुईच्या कळ्या उमलण्याआधी, दिवस उतरताना खुडून गजरा केला तर रात्री तो केसांत फुलतो.

इथेच या दोघींचा खरा निकष आहे. जाई-जुई ही रोज हात लावणाऱ्यांची वेल आहे. दोन्हींना फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे थंडीत छाटणी केली नाही तर पुढच्या वर्षी नुसत्या लांबलचक काटक्या आणि टोकाला चार फुलं असा प्रकार होतो. सकाळी घाईत निघणाऱ्या घरात जाई लावली तर रोज सडा पडतो आणि दुपारपर्यंत तपकिरी होतो. ज्यांना फुलं खुडण्यातच आनंद आहे त्यांच्यासाठी मात्र हिच्या तोडीची वेल नाही. वजनाने हलकी, कुंडीत जमणारी, ताटीवर किंवा बारीक कमानीवर सहज राहणारी. दिवसाचं चार-पाच तास ऊन आणि पाणी न साचणारी माती एवढं मिळालं तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतही ती छान येते. गोव्यात जायांवरचं प्रेम आणखीच गाढ. म्हार्दोळच्या महालसा देवळात जायांची पूजा होते आणि बाजारात जायांचे गजरे मिळतात.

मोगऱ्याबद्दल इथेच सांगते, कारण तो वेल म्हणून मागणारे पुष्कळ असतात. ‘इवलेसे रोप लावियेले द्वारी, तयाचा वेलु गेला गगनावेरी’ ही ज्ञानेश्वरांची ओळ आपल्या कानात लहानपणापासून आहे, आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने ती पुढच्या पिढ्यांनाही दिली. पण बागेत मोगरा हे मुळात झुडूप आहे. त्याच्या फांद्या लांब होतात, टेकू दिला तर थोड्या वर जातात, तेवढंच. अभंगातला वेलु अनुभवाचा आहे, त्याला कमान लागत नाही. दारावर कमान झाकायची असेल तर मोगऱ्यावर विसंबू नका. तो कमानीच्या पायथ्याशी कुंडीत लावा.

मधुमालतीला कमान झाकायला सांगावंच लागत नाही. आज आपण जिला मधुमालती म्हणतो ती जुन्या संस्कृत साहित्यातली मालती नव्हे. अमरकोशात मालती म्हणजे जाई. नर्सरीत पुस्तकातलं नाव सांगून रोप मागितलं तर भलतंच हातात पडू शकतं, म्हणून फूल आणि पान दाखवूनच घ्यावं. मधुमालतीचं पान साधं, समोरासमोर, आणि फुलांचे घोस खाली लोंबणारे.

हिचं मोठं देणं म्हणजे रंग. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग लाल. एका घोसात तिन्ही रंग एकाच वेळी दिसतात. पांढऱ्या फुलाकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, कारण फुलाची नळी लांब असते आणि मध तळाशी असतो. रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या, फुलपाखरं, शिंजीर येतात. रात्री गेटपाशी उभं राहिलं की वास अंगावर येतो. बुलबुल अशा दाट वेलीत घरटं करतात. एवढं सगळं देणारी आणि जवळपास काही न मागणारी वेल दुसरी सांगणं कठीण आहे.

पण तिचं काही न मागणं हीच काळजीची गोष्ट. ती दाट लाकडी होते, जुन्या पानांचे देठ वाळून काट्यांसारखे मागे राहतात आणि त्यांच्या आधाराने ती पुढे सरकत जाते. मुळांपासून नवे फुटवे येतात, कधी मूळ खोडापासून बऱ्याच अंतरावर, फरशीच्या फटीतून. दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर हिला चढवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पावसात भिजलेल्या वेलीचं वजन आणि वाऱ्याचा जोर एकत्र आला की गंजलेली ग्रिल तग धरत नाही, आणि छाटणीला शिडी लावायला जागा नसते. स्वतंत्र घर, पक्की लोखंडी कमान, दर वर्षी पावसाळा संपल्यावर कडक छाटणी करणारा माणूस: ही तीन असतील तर मधुमालती निःशंक लावा. तीनपैकी एक जरी नसेल तर जाईकडे परत या.

माधवीबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ती आपल्या विचारातच येत नाही. ही आपली, सह्याद्रीच्या जंगलात मोठमोठ्या झाडांवर चढलेली दिसणारी वेल. माधवीलता, अतिमुक्त, हळदवेल अशा नावांनी ती ओळखली जाते. थंडी सरता सरता फुलते. पाच पाकळ्यांच्या कडा बारीक झालरीसारख्या कातरलेल्या, त्यांतल्या एका पाकळीवर पिवळा डाग, आणि दहा पुंकेसरांतला एकच बाकीच्यांहून कितीतरी मोठा. वास गोड आणि दूरपर्यंत जाणारा. फळाला तीन पंख असतात, सुटल्यावर ते गरगरत खाली येतं आणि वाऱ्याबरोबर लांब जातं. मुलं असलेल्या घरात या फळांची मजा फुलांपेक्षाही जास्त दिवस टिकते.

कालिदासाच्या मेघदूतात यक्ष आपल्या घराचा पत्ता सांगतो तेव्हा बागेतला माधवीमंडप सांगतो. त्याभोवती कुरबकाचं कुंपण, जवळ तांबडा अशोक आणि बकुळ. मला हे वर्णन फार नेमकं वाटतं. माधवीला मांडवच लागतो. ती कुंडीत, ग्रिलवर, नाजूक ताटीवर ठेवायची वेल नाही. मांडवाखाली चार माणसं बसतील एवढी जागा असेल, तरच तिचा विचार करावा. पहिली काही वर्षं ती संथ वाढते, फुलं यायला वाट बघावी लागते, आणि बहर थोड्या आठवड्यांचा. ज्याला वर्षभर फूल हवं त्याने मधुमालती घ्यावी. ज्याला वसंताची वाट बघायला आवडतं, ज्याचं गावाकडे घर किंवा शेत आहे, त्याने माधवी लावावी असं मी आग्रहाने म्हणेन. हीच वेल मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर तिथल्या जंगलांचा गळा घोटते आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. इथे ती घरची आहे, म्हणून इथेच लावावी. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना बिया पाठवू नयेत.

वेल झाडावर सोडायची का, हाही प्रश्न येतो. शाकुंतलात नवमालिकेची वेल आम्रवृक्षाला स्वतःहून वरते. शकुंतलेने तिचं नाव वनज्योत्स्ना ठेवलेलं आहे आणि सासरी निघताना ती या वेलीला बहीण मानून निरोप घेते. आंब्यावर मोगऱ्याच्या कुळातली हलकी वेल, ही जोडी बागेच्या हिशेबानेही चांगली. हलक्या वेलीने मोठ्या झाडाचं ऊन अडत नाही. मधुमालती किंवा माधवी मात्र कोवळ्या कलमावर कधी सोडू नये. दोन-तीन वर्षांत ती शेंडा झाकते, आणि मग फळ धरायला झाडाला ऊन कुठून मिळणार? जुना, उंच, फळासाठी न ठेवलेला वृक्ष असेल तर गोष्ट वेगळी.

कृष्णकमळ लोक फुलासाठीच घेतात, आणि फूल आहेही तसंच विलक्षण. मधल्या झालरीतले बारीक तंतू म्हणजे शंभर कौरव, पाच पुंकेसर पांडव, वरचे तीन भाग ब्रह्मा-विष्णू-महेश, असं आपल्याकडे सांगतात. ही वेल मूळची अमेरिका खंडातली, तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी त्याच अवयवांत येशूच्या क्रूसाची कथा वाचली. दोन्हीकडच्या लोकांना त्या फुलात आपापली गोष्ट दिसली, यातच त्याचं आकर्षण कळतं. फूल एक दिवसाचं असतं, त्यामुळे देवाला वाहायचं तर त्याच दिवशी.

ताण्यांची वेल असल्याने हिला जाळी आणि पुरेसं ऊन हवं. ताणा आधार धरल्यावर मध्येच फिरकी बदलून दोन दिशांना गुंडाळला जातो आणि वाऱ्यात लवचिक राहतो, म्हणून गॅलरीच्या वाऱ्याला ती चांगली तोंड देते. फवारणीचा डबा हाताशी ठेवणाऱ्यांनी मात्र हिचा नाद करू नये. तांबूस-नारिंगी पंखांच्या ‘टॉनी कॉस्टर’ फुलपाखराच्या काटेरी अळ्या हिची पानं खाऊन वेल उघडी करतात. वेल पुन्हा फुटते, अळ्यांची फुलपाखरं होतात. हे बघवत असेल तर लावा, मुलांसाठी तर आवर्जून.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बोगनवेल महामार्गांच्या दुभाजकांवर तग धरते ती कमी पाण्यात आणि कडक उन्हात, तेव्हा गच्चीवर पश्चिमेचं ऊन असेल तर तिच्यासारखी तीच. पण काटे आहेत, म्हणून मुलांच्या वाटेवर नको. गोकर्ण भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. बी पेरलं की लवकर फुलते, मुळांवरच्या गाठींमुळे मातीला नत्र देते, आणि घर सोडताना जीव अडकत नाही. ऊन अजिबात येत नसेल तर फुलाचा हट्ट सोडून मनीप्लांट लावावा.

निर्णय असा करा. फ्लॅटची गॅलरी, ऊन अर्ध्या दिवसाचं, फुलं खुडायला वेळ आहे: जुई. तेवढाच वेळ, पण पहाटे उठणारं घर: जाई. गॅलरीच पण मुलं आणि फुलपाखरं हवीत: कृष्णकमळ. बंगल्याचं गेट आणि छाटणारा माणूस: मधुमालती. गावाकडची जागा आणि धीर: माधवी.

लावायची वेळ पहिला पाऊस स्थिरावल्यानंतरची. खड्ड्यात शेणखत आणि माती मिसळून घ्या, रोप भिंतीपासून थोडं दूर लावा आणि आधाराकडे तिरकं झुकवा, म्हणजे मुळांना पावसाचं पाणी मिळतं. मांडव किंवा कमान करायची असेल तर खांब रोप लावण्याआधी रोवून घ्या, नंतर खड्डा खणताना मुळं तुटतात.