जुन्या पीसीसाठी लेझर प्रिंटर: कोणता घ्यावा, की घेऊच नये?

घरचा पीसी विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ वर चालतोय, त्यात श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या ढीगभर फायली आहेत आणि आता लेझर प्रिंटर घ्यायचाय. अशा वेळी किमतीच्या आधी एक गोष्ट विचारा: प्रिंटरला पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे पान कसं छापायचं हे सांगणाऱ्या प्रिंटर भाषा, कळतात का?

स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरांना त्या कळत नाहीत. पानाचं चित्र पीसीतला ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) बनवतो, प्रिंटर ते नुसतं कागदावर उतरवतो. एचपी १०२० आणि कॅनन एलबीपी २९०० याच जातीचे. ते जुने असल्यामुळे एक्सपीचे ड्रायव्हर मिळतात, बाजारातला कम्पॅटिबल (दुसऱ्या कंपनीचा) १२ए टोनर, म्हणजे शाईच्या पुडीचं कार्ट्रिज, तोही दोघांना चालतो. पण याच जातीचं नवं कोरं मॉडेल आणाल तर फसाल. एक्सपीचा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट २०१४ मध्ये संपला, विंडोज ७ चा २०२० मध्ये. त्यांच्यासाठी आज नवा ड्रायव्हर कोण लिहिणार?

माझा कौल नेटवर्क पोर्ट असलेल्या, पीसीएल ५ समजणाऱ्या सेकंडहँड ऑफिस प्रिंटरला. त्याचा स्वतःचा ड्रायव्हर नाही मिळाला तरी एक्सपीत आधीपासून असलेल्या ‘एचपी लेझरजेट ४’च्या ड्रायव्हरवर साधी काळी-पांढरी पानं सहसा निघतात. दोन्ही बाजूंची छपाई वगैरे सोयी हुकतील, तेवढं सोसावं. जोडणीही सोपी: पीसी आणि प्रिंटर एकाच राउटरला केबलने जोडा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा, प्रिंटरचा आयपी पत्ता द्या, प्रोटोकॉल रॉ, पोर्ट ९१००. सपोर्ट संपलेला एक्सपी इंटरनेटवर सुरक्षित नाही, म्हणून त्याचं इंटरनेट मात्र राउटरमधूनच बंद करून टाका.

महिन्याकाठी चारदोन पानंच लागत असतील तर जुन्या पीसीला प्रिंटर जोडूच नका. फाइलची पीडीएफ करा आणि पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात छापा. मूळ वर्ड फाइल नेलीत आणि तिथे श्रीलिपीचा फाँट नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पीडीएफमध्ये फाँट सोबत जातो. तो खरंच गेलाय का, हे निघण्यापूर्वी मोबाइलवर फाइल उघडून, जोडाक्षरं बघून ताडून घ्या.

सेकंडहँड घेताना दुकानदाराकडून कॉन्फिगरेशन पेज छापून घ्या. एकूण किती पानं छापून झाली आणि कोणत्या प्रिंटर भाषा चालतात, हे बहुतेक ऑफिस मॉडेलांत त्यावरच येतं.